शुश्रूषेचे वांटेकरी

'शुश्रूषा' हा शब्द आपण आजारी माणसाच्या सेवेस लावतों. परंतु त्याचा मूळ अर्थ निराळा आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणें, या धातूच्या इच्छार्थक रूपावरून तो बनला असून शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचें ऐकावयाचें तर त्याच्याजवळ राहावें लागे, आणि जवळ राहावयाचें तर त्याची सेवा करावी लागे. अशा रीतीनें ऐकणें व सेवा करणें हे दोन अर्थ एका शब्दांत मिसळले, आणि कालांतरानें पहिला मागें पडून दुसराच उरला. शब्दाचें जें झालें तेंच पुष्कळदां प्रत्यक्ष सेवेचेंही होतें. अन्न वेळेवर मिळतें, अंथरूण बदललें जातें, औषधाची मात्रा चुकत नाहीं. पण त्या अंथरुणावरील वृद्ध माणूस काय म्हणतो तें ऐकावयास कोणी नसतें. वृद्ध, पंगु व असाध्य रोगानें जर्जर झालेल्या माणसांची शुश्रूषा आमच्या महाराष्ट्रांत गेल्या दीडशें वर्षांत कसकशी बदलत आली, हें या लेखांत पाहावयाचें आहे. या इतिहासास आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोंत: ही सेवा जेव्हां जेव्हां सुधारली, तेव्हां ती कोणाच्या हातून सुधारली, आणि एकाच्या कीं अनेकांच्या?

हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं नरसी नांवाचें गांव आहे. श्रीनामदेवांचें जन्मस्थान म्हणून तें नरसी नामदेव या नांवानेंच आतां ओळखलें जातें. परंपरेप्रमाणें नामदेवांचा जन्म इ. स. १२७० चा. शीखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. त्यामुळें वारकऱ्यांप्रमाणेंच शीख भाविकांनाही हें गांव पूज्य वाटतें. नामदेवांच्या कुटुंबाची जी कथा मराठी घरोघरीं सांगितली जाते, तींत दामाशेटी व गोणाई हे आईबाप आहेत, राजाई ही पत्नी आहे, मुलें-सुना आहेत, आणि गंगाखेडहून पोरक्या वयांत येऊन या घरची झालेली जनाबाई आहे. जनाबाई दळी, कांडी, शेणी वेंची, पाणी भरी. आणि पांडुरंग येऊन तिच्या जात्याच्या खुंट्यास हात लावी. भक्तीचा भाग क्षणभर बाजूस ठेवला तरी या कथेंत एक रोकडें व्यवहारज्ञान उरतें. मोठ्या घरचें दळण एकटीनें ओढावयाचें म्हणजे उर फुटतो. समोर दुसरा हात लागला कीं तेंच दळण सरतें, आणि ओंवी सुचावयासही थोडा श्वास उरतो. घरांतील रुग्णाची सेवा ही या दळणासारखीच आहे. ती रोज करावी लागते, ती कोणास दिसत नाहीं, आणि ती एकटीच्या अंगावर पडली म्हणजे करणारीही थकते व जिच्यासाठीं करावयाची तिचेही हाल होतात.

एकत्र कुटुंबाविषयीं आज आपण हळहळून बोलतों. पूर्वीं म्हातारीं माणसें घरांतच सुखानें डोळे मिटीत, असें म्हणण्याची चाल पडली आहे. हें अगदींच खोटें नाहीं. पण त्या सुखाचा हिशेब मांडतांना तें कोणाच्या श्रमांतून निघे, हें सहसा कोणी सांगत नाहीं. सासऱ्याचें अंथरूण काढणारी थोरली सून, आतेसासूस न्हाऊ घालणारी बालविधवा नणंद, पहाटे उठून काढा उकळणारी आश्रित बाई, यांच्या बळावर तें घर चाललेलें असे. त्यांपैकीं एखादी स्वतः म्हातारी झाली आणि मागें कोणी नसलें, म्हणजे तिला घर उरत नसे. ती काशीस जाई किंवा पंढरीच्या वाटेस लागे. तेथें धर्मशाळेची ओसरी व अन्नछत्रांतील पान एवढाच आधार असे. धर्मशाळा आणि अन्नछत्र या आमच्या समाजानें निर्माण केलेल्या खरोखर थोर संस्था होत. परंतु त्या पांथस्थासाठीं होत्या. जो उठून पुढच्या मुक्कामास जाऊंच शकत नाहीं, त्याची व्यवस्था त्यांच्या कल्पनेंत बसत नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रारंभीचा प्रयत्न पुण्यास झाला. बगदादहून मुंबईस येऊन व्यापारांत अपार संपत्ति मिळविलेले ज्यू गृहस्थ डेव्हिड ससून यांच्या औदार्यानें १८६३ च्या सुमारास तेथें अनाथ व पंगु लोकांसाठीं एक आश्रयगृह निघालें. तीच संस्था आज 'निवारा' या नांवाचा वृद्धाश्रम म्हणून पुणेकरांस परिचित आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें तेंही १८६३ सालींच. ज्यांना घर स्वीकारीत नाहीं अशा आयुष्याच्या दोन्ही टोकांच्या जीवांसाठीं एकाच शहरांत एकाच सुमारास दारें उघडलीं गेलीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मात्र ज्यूंचें द्रव्य काय किंवा फुले दांपत्याचें धैर्य काय, त्यांतून छप्पर मिळालें, अन्न मिळालें, अब्रू राहिली. रोग्याची शिकून केलेली सेवा ही कल्पना अजून यावयाची होती.

ती कल्पना त्याच वेळीं इंग्लंडांत आकार घेत होती. तेथें १८३४ च्या दारिद्र्यविषयक कायद्यानें निराधारांसाठीं श्रमगृहें काढलीं होतीं. त्यांत राहणें शक्य तितकें नकोसें वाटावें असाच त्या कायद्याचा रोख होता. या गृहांत म्हातारे आणि आजारी लोक पडून राहत, आणि त्यांची सेवा त्याच गृहांतील धडधाकट दरिद्री बायकांकडून करून घेतली जाई. त्यांना शिक्षण नसे, वेतन नसे, पुष्कळदां शुद्धही नसे. लिव्हरपूलचा व्यापारी विल्यम रॅथबोन यानें हें दृश्य पाहिलें. पूर्वीं त्याची पत्नी आजारी असतां एका शिकलेल्या परिचारिकेनें केलेली सेवा त्याच्या मनांत ठसली होती, आणि तीच बाई गरिबांच्या घरीं पाठविण्याचा उपक्रम त्यानें १८५९ मध्यें केला होता. श्रमगृहाच्या रुग्णविभागासाठीं त्यानें फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिला लिहिलें, खर्च आपण सोसूं असें कळविलें, आणि शहरच्या पंचांची संमति मिळविली. १८६५ मध्यें ॲग्नेस जोन्स ही आयरिश बाई बारा शिक्षित परिचारिका घेऊन तेथें रुजू झाली. बाराशेंच्या आसपास आजारी माणसें, आणि त्यांच्यासाठीं ह्या मूठभर बायका! पहिल्या दिवसांत तिला पंचांशीं, अधिकाऱ्यांशीं आणि व्यसनी सेविकांशीं एकाच वेळीं झगडावें लागलें. तीन वर्षांत तिनें त्या जागेचें रूप पालटलें आणि १८६८ मध्यें तेथेंच विषमज्वरासारख्या संसर्गानें तिचा अंत झाला. द्रव्य एकाचें, विद्या दुसरीची, इमारत व अधिकार तिसऱ्याचे आणि देह चौथीचा, अशा चौघांच्या मेळांतून ती सुधारणा झाली. यांपैकीं एकही नसतें तर उरलेल्या तिघांच्या हातून ती होती ना.

आमच्याकडे असा मेळ जुळण्यास आणखी चाळीस वर्षें लागलीं. मध्यंतरीं १८८५ मध्यें लेडी डफरिन यांच्या निधीमुळें स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीचा प्रश्न पुढें आला, आणि १८८६ मध्यें आनंदीबाई जोशी अमेरिकेंतून डॉक्टर होऊन परतल्या. पण डॉक्टरीण होणें निराळें आणि परिचारिका होणें निराळें. डॉक्टरिणीच्या विद्येचा समाजास विस्मय तरी वाटे; परिचारिकेच्या कामाची मात्र किळस वाटे. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणें, कोणत्याही जातीच्या माणसाचें मलमूत्र काढणें, रात्रीचें घराबाहेर राहणें, या तिन्ही गोष्टी उच्चवर्णीय घरांत निषिद्ध मानल्या जात. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले यांनीं मुलगा यशवंत याच्या दवाखान्यांत रोग्यांची सेवा केली आणि एका आजारी मुलास पाठीवर घालून आणतां आणतां स्वतः त्या रोगास बळी पडल्या. तो आदर्श सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. परंतु आदर्शास नमस्कार करणें आणि आपली सून त्या वाटेनें पाठविणें यांत फार अंतर असतें.

तें अंतर तोडण्याचें काम पुण्याच्या सेवासदनानें केलें. बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनीं १९०८ मध्यें मुंबईस सेवासदन काढलें. पुढील वर्षीं पुण्यास रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं व भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या संघटनशक्तीनें तें काम उभें राहिलें. न्यायमूर्ति रानडे १९०१ मध्यें निवर्तल्यावर रमाबाई तुरुंगांतील बायकांस भेटत, रुग्णालयांत जाऊन रोग्यांस फळें-फुलें देत, त्यांची विचारपूस करीत. रोग्याची खरी गरज काय आहे, हें त्यांना या भेटींतून उमगलें असावें. सेवासदनानें आपल्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत शुश्रूषेचें शिक्षण घेण्यास पाठविल्या. यांत प्रत्येक पक्षानें आपल्याजवळ होतें तें दिलें आणि नव्हतें तें घेतलें. रुग्णालयाजवळ खाटा होत्या, डॉक्टर होते, शिकविण्याची सोय होती. पण त्याला या समाजांतील शिकाऊ बायका मिळत नव्हत्या. सेवासदनाजवळ बायका होत्या, त्यांतल्या पुष्कळ विधवा. पण त्यांना विद्या देणारें रुग्णालय त्याच्याजवळ नव्हतें. आणि या दोहोंच्या मध्यें तिसरी गोष्ट होती ती विश्वासाची. मुलीच्या बापास किंवा दिरास रुग्णालयाचा भरंवसा नव्हता, तो रमाबाईंचा होता. परिचारिकांसाठीं वेगळें वसतिगृह, तेथील सोंवळ्या-ओंवळ्याचा सांभाळ, रमाबाईंची जातीनें देखरेख, यांमुळें तो भरंवसा टिकला.

सेवासदनाचें आणखी एक काम वारकऱ्यांच्या महाराष्ट्रास जवळचें वाटेल. आषाढी व कार्तिकीच्या यात्रेस रमाबाई स्वयंसेविकांसह आळंदीस जात आणि यात्रेंतील बायकांची सेवा करीत. जी स्त्री रुग्णालयाची पायरी चढण्यास भिते, तिच्याजवळ रुग्णालयानेंच चालत जावें, हें त्यांतलें मर्म होय. नामदेवांनीं ज्ञानदेवांबरोबर जी वाट तुडविली, त्या वाटेवरील थकल्या पायांस तेल लावण्यासाठीं शिकलेले हात आले, असें म्हटल्यास तें फारसें चुकणार नाहीं.

तथापि या थोर कार्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें इतिहासाच्या दृष्टीनें बरें नाहीं. या सहकार्याचें ओझें कोणी उचललें? ज्यांना दुसरा मार्ग नव्हता त्या विधवांनीं. समाजानें त्यांना प्रथम घरांत निरुपयोगी ठरविलें आणि मग सेवेच्या नांवाखालीं कामास लाविलें, असा आक्षेप घेतां येईल. तो पुरता खोडून काढतां येत नाहीं. पण त्या कामानें त्यांच्या हातांत स्वतःचें वेतन आलें, नांवापुढें पदवी आली, आणि घरांत जिला कोणी विचारीत नव्हतें तिचा सल्ला सर्व घर घेऊं लागलें, हेंही तितकेंच खरें आहे. शुश्रूषा करणारीचा मान वाढल्यावांचून शुश्रूषेचा दर्जा वाढत नाहीं, हा धडा लिव्हरपूल व पुणें या दोन्ही ठिकाणीं एकच मिळतो.

मानाच्या मागून कायदा आला. १९३५ मध्यें मुंबई प्रांतांत परिचारिका व सुइणी यांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि १९४९ मध्यें शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा. इंग्लंडांत १९२७ मध्यें असाच कायदा झालेला होता. मुंबईच्या कायद्यानें शुश्रूषागृहाची जी व्याख्या केली, तींत आजार व इजा यांबरोबर दुर्बलतेचाही उल्लेख आहे. प्रसूतिगृहेंही तींत येतात. नोंदणीवांचून असें गृह चालवूं नये, तें योग्य माणसाच्या देखरेखीखालीं असावें, शिकलेल्या परिचारिकांचें प्रमाण पुरेसें असावें आणि अधिकाऱ्यांस तें तपासतां यावें, हीं त्याचीं मुख्य सूत्रें. खाजगी घरांत, चार भिंतींआड, पैसे घेऊन होणाऱ्या सेवेंत समाजासही पाहण्याचा हक्क आहे, हें तत्त्व त्यानें प्रस्थापित केलें.

हा कायदा झाला त्या वेळीं नरसी मुंबई प्रांतांत नव्हतें. तें निजामाच्या हैदराबाद संस्थानांतील परभणी जिल्ह्यांत मोडत असे, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी सत्ता संपून तेथील लोक नुकतेच मोकळा श्वास घेऊं लागले होते. पुढें १९५६ मध्यें मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झालें, आणि १ मे १९९९ रोजीं परभणीपासून हिंगोली हा वेगळा जिल्हा निघाला. पुण्याच्या संस्थांस शंभर-सवाशें वर्षांची परंपरा आहे. मराठवाड्याच्या खेड्यांस तशी ती मिळालीच नाहीं. तेथील तरुण कामधंद्यासाठीं पुण्या-मुंबईस जातात, कांहीं कुटुंबें हंगामांत ऊसतोडीस जातात, आणि मागें म्हातारीं माणसें घर राखीत बसतात. शुश्रूषेच्या सुधारणेची खरी कसोटी मोठ्या शहरांत लागत नाहीं. ती अशा गांवीं लागते.

विदर्भांतील दोन संस्थांनीं या इतिहासांत एक नवीन पान जोडलें. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ मध्यें अमरावतीस कुष्ठरोग्यांसाठीं तपोवन स्थापिलें, आणि बाबा आमटे यांनीं १९४९ मध्यें महारोगी सेवा समितीचें काम सुरू करून पुढें वरोऱ्याजवळ आनंदवन उभें केलें. तेथें रोगी केवळ सेवा घेणारा राहिला नाहीं. तो शेती करूं लागला, विहीर खणूं लागला, दुसऱ्या रोग्याच्या जखमा बांधूं लागला. आतांपर्यंतच्या सहकार्यांत धनिक, विद्वान, सरकार आणि परिचारिका यांस वांटा होता; ज्याच्यासाठीं सगळें चाललें त्याला मात्र त्यांत जागा नव्हती. ती येथें प्रथम ठळकपणें मिळाली. दादर येथील श्रीगाडगे महाराज धर्मशाळेंत कर्करोगाचे खेड्यापाड्यांतून आलेले रुग्ण व त्यांचे नातलग राहतात आणि टाटा रुग्णालयांत उपचार घेतात. तेथें आमची जुनी धर्मशाळा आणि नवें रुग्णालय यांची अशीच सांगड बसली आहे. जी धर्मशाळा पांथस्थासाठीं होती, ती दुखण्याच्या वाटेवरील पांथस्थाचीही झाली.

सरकारनेंही या कामांत हात घातला. १९९५ मध्यें महाराष्ट्र शासनानें मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आंखली. ती स्वयंसेवी संस्थांमार्फत चालवावयाची होती. २००७ मध्यें केंद्रानें आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा केला. मुलांनीं आईबापांस पोसावें ही जी धर्माज्ञा होती ती त्यानें राजाज्ञा केली, आणि दर जिल्ह्यास निदान एक, दीडशें निराधार वृद्धांस पुरेल असें वृद्धगृह क्रमाक्रमानें काढण्याची दिशाही दाखविली. २०११ च्या शिरगणतींत साठ वर्षांवरील माणसें देशांत सुमारें १० कोटी ३८ लक्ष, म्हणजे शेंकडा ८.६ भरलीं. हा आंकडा पुढें वाढतच जाणार, हें सांगण्यास ज्योतिषी नको. तेव्हां गृहें निघणार हें उघड आहे. प्रश्न आहे तो त्या गृहांच्या आंत काय चालेल याचा.

या बाबतींत अमेरिकेचा ताजा अनुभव बोधप्रद आहे. तेथें १९८७ च्या कायद्यानें शुश्रूषागृहांतील रहिवाशांचे हक्क निश्चित केले. केवळ सोयीसाठीं माणसास बांधून ठेवणें किंवा औषधानें गुंगवून ठेवणें त्यानें वर्ज्य ठरविलें. तरीही स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांस शांत ठेवण्यासाठीं मनोविकारावरील तीव्र औषधें सर्रास दिलीं जात. २०११ च्या अखेरीस दीर्घकाल राहणाऱ्यांपैकीं शेंकडा २३.९ जणांस तीं चालू होतीं. म्हणून २०१२ मध्यें सरकार, गृहचालक, डॉक्टर व नातलग यांनीं मिळून एक राष्ट्रीय सहकार्य आरंभिलें. म्हातारा ओरडतो तर तो कां ओरडतो हें आधीं पाहा: त्याचें दुखतें आहे काय, त्याला भूक लागली काय, त्याला कोणाची आठवण येते काय, आणि मग औषधाकडे वळा, असा त्याचा सारांश होता. कांहीं वर्षांत तें प्रमाण पंधरा-सोळापर्यंत उतरलें. पण पुढें असेंही उघडकीस आलें कीं, ज्या मनोविकाराचे रोगी त्या गणनेंतून वगळले जात, त्या विकाराची नोंद कांहीं गृहांनीं पुराव्यावांचून आपल्या वृद्धांच्या नांवें केली होती. आंकडा सुधारला, गुंगी कायम राहिली. वहीचें सहकार्य आणि अंथरुणाजवळचें सहकार्य यांत किती अंतर पडूं शकतें, हें यावरून दिसून येतें.

एवढें पाहिल्यावर आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. शुश्रूषा एकट्या कोणामुळें सुधारली असें या इतिहासांत एकदांही घडलेलें नाहीं. नुसत्या दानानें छप्पर मिळालें, नुसत्या कायद्यानें नोंदवही मिळाली, नुसत्या मायेनें एक सून झिजली. सुधारणा झाली ती यांपैकीं तिघे-चौघे एकत्र आले तेव्हां; आणि टिकली ती, ज्याची सेवा करावयाची त्याचें म्हणणें कोणी ऐकून घेतलें तेव्हां. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज हा प्रश्न उभा असेल. आईस वृद्धाश्रमांत ठेवावें कीं न ठेवावें, यावर घरोघरीं वाद होतात, आणि ठेवलें तर आपलें कर्तव्य संपलें, किंवा आपण पाप केलें, अशा दोन टोकांस मन जातें. इतिहास या दोहोंस दुजोरा देत नाहीं. आईस कोठें ठेवलें यापेक्षां ठेवल्यानंतर आपण त्या सेवेचे वांटेकरी राहिलों कीं नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. आठवड्यास जाऊन बसणारा मुलगा, परिचारिकेस नांवानें हांक मारून तिचें वेतन वेळेवर मिळतें ना हें विचारणारी मुलगी, तपासणीचा अहवाल मागून वाचणारा नातलग, यांच्यामुळें त्या गृहाच्या भिंती पारदर्शक होतात.

आणि ज्याला असे कोणी नाहीं त्याचें काय? त्याच्यासाठीं हिंगोलीसारख्या जिल्ह्यास पुण्याची नक्कल करण्याचें कारण नाहीं. तेथें दिंड्या आहेत, भजनी मंडळें आहेत, पंगतीची परंपरा आहे, तालुक्याचें रुग्णालय आहे, गांवची आशा कार्यकर्ती आहे आणि कायदाही आहे. हे सर्व हात आज वेगवेगळीं जातीं ओढीत आहेत. त्यांना एका जात्याशीं आणून बसविणें हेंच काम उरलें आहे; आणि जनाबाईच्या घरधन्यांच्या गांवास तें कोणी नव्यानें शिकवावयास नको.